केमिस्ट्री घेऊ की बायोकेमिस्ट्री?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी एसवायबीएस्सीला आहे, केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री दोन्ही आहेत पण टीवायला एकच मेन घ्यायचाय. मला ऑरगॅनिक आवडतं, बायोकेमिस्ट्री म्हणजे नुसती घोकंपट्टी वाटते, ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज तोडायच्या प्रक्रियेच्या) १० स्टेप्स तीनदा पाठ केल्या आणि तीनदा विसरले. पप्पा म्हणतात केमिस्ट्री घे, एमआयडीसीत लगेच लागशील. मैत्रिणी म्हणतात बायोलाच स्कोप आहे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, बारामती

उत्तर : अगं, ऑरगॅनिक आवडतं म्हणतेस आणि ग्लायकोलिसिस पाठ करतेस, इथंच गडबड आहे! चौथी स्टेप काढ बघू. फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात ना, एन्झाइमचं नाव काय तर अल्डोलेज. आता आठव, ऑरगॅनिकला अल्डॉल रिअॅक्शन केलीस, दोन रेणू जोडणारी, तीच इथं उलटी चाललीय. नववी स्टेप म्हणजे साधं डीहायड्रेशन, पाण्याचा एक रेणू बाहेर. पहिली, तिसरी, सातवी आणि दहावी या चारांत फॉस्फेट इकडून तिकडे जातो, बस्स. एकदा कागदावर बाण काढून इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बघ, नावं आपोआप लक्षात राहतील. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही, मीसुद्धा रात्रभर घोकून सकाळी पेपरात सहावी आणि सातवी उलटसुलट लिहून आले होते.

म्हणून माझं मत विचारशील तर मेन केमिस्ट्री घे, पण बायोकेमिस्ट्रीची पुस्तकं रद्दीत घालू नकोस. कारण सरळ आहे, केमिस्ट्रीवरून पुढे बायोकेमिस्ट्रीत एमएस्सीला बऱ्याच ठिकाणी जाता येतं, उलटं जाणं जड पडतं. (ज्या विद्यापीठात जायचंय तिथली पात्रतेची अट मात्र आत्ताच वाचून ठेव, नंतर रडून उपयोग नाही.) गेट या एमटेक-पीएचडीसाठीच्या परीक्षेत लाइफ सायन्सेसच्या पेपरात केमिस्ट्रीचा भाग सगळ्यांनाच कंपल्सरी असतो, बायोकेमिस्ट्री हा पर्यायी भागांपैकी एक, त्यांतले कुठलेही दोन निवडायचे. कितीतरी बायोवाली मुलं त्या केमिस्ट्रीलाच घाबरतात. सीएसआयआर नेट या संशोधन फेलोशिपच्या परीक्षेला बायोकेमिस्ट्री वेगळी नाहीच, ती लाइफ सायन्सेसमध्ये येते, म्हणजे तिकडे गेलीस तर इकॉलॉजी, इव्होल्यूशनही वाचावं लागेल हे धरून चाल.

नोकरीचं म्हणशील तर पप्पा चुकीचं बोलत नाहीत, क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं तंत्र) आणि टायट्रेशन येणारं माणूस लागतंच.

आणि एक गंमत सांगते. लाळेतल्या अमायलेजचं (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचं) प्रॅक्टिकल केलं असशीलच, स्टार्च, लाळ, ३७ डिग्रीचा वॉटर बाथ, दर दोन मिनिटांनी पांढऱ्या टाइलवर आयोडीनचा थेंब, स्टार्च शिल्लक असेपर्यंत रंग निळा. माझ्या एका बॅचमध्ये एका ग्रुपचा निळा रंग काही केल्या जाईना, एन्झाइम मेलं असेल म्हणून सगळे हात वर करून बसले. नंतर कळलं, सोडियम क्लोराइडच घातलं नव्हतं. या एन्झाइमला नीट काम करायला क्लोराइड आयन लागतो. त्यातल्या एकीनं विचारलं, "मॅडम, मीठ चवीपुरतं नसतं होय?" ती पुढे बायोकेमिस्ट्रीतच गेली.