प्रश्न वाचकांचे : उमेदवाराच्या नावाविना घेतलेला कौल

प्रश्न : जनमत चाचणीसाठी घरी आलेल्या मुलीने ‘आज निवडणूक झाली तर कोणत्या पक्षाच्या उमेदवाराला मत द्याल?’ एवढेच विचारले. उमेदवार कोण, हे तिलाही ठाऊक नव्हते. कोल्हापुरात मत माणूस आणि गट पाहून पडते. मग अशा चाचणीला अर्थ काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अर्थ आहे, पण तो राज्यापुरता, आपल्या मतदारसंघापुरता फारसा नाही. तिकीटवाटपापूर्वी कल जाणून घ्यायचा तर नाव वगळण्यावाचून गत्यंतर नसते. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांसाठी देशभर असाच एक प्रश्न विचारला जातो, कारण हजार-बाराशे लोकांच्या नमुन्यात एकेका मतदारसंघाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन माणसे येतात. त्यातून देशातली हवा कळते, एखाद्या जागेचा निकाल नव्हे.

अडचण अशी की, बिननावाच्या उमेदवाराला शत्रू नसतात. प्रत्येक मतदार त्या रिकाम्या जागी आपल्या मनातला माणूस बसवतो आणि तिकीट दुसऱ्याच गटाला गेले की तोच मतदार घरी बसतो किंवा बंडखोराच्या मागे जातो. अपक्षाला तर या प्रश्नात थाराच नाही. २००९ मध्ये सदाशिवराव मंडलिक कोल्हापुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. नुसता पक्ष विचारणाऱ्या चाचणीत ते दिसलेच नसते. २०१४ मध्ये राज्यातल्या ४८ पैकी ४२ जागा महायुतीने जिंकल्या, तरी येथून राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक विजयी झाले. फुटीनंतर तर ‘शिवसेना’ किंवा ‘राष्ट्रवादी’ एवढ्या उत्तरावर, कोणती, हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतील कोल्हापूर उत्तरचे आहे. माघारीच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने अर्ज मागे घेतला, मतदानयंत्रावर ‘हात’ उरलाच नाही आणि पक्षाने अपक्ष राजेश लाटकर यांना पाठिंबा दिला. त्याआधी चाचणीत ‘काँग्रेस’ असे सांगणाऱ्यांची मते सरसकट लाटकरांच्या खात्यात मांडता आली नसती, कारण चिन्ह बदलले की काही मते वाटेतच गळतात. म्हणून माघारीची मुदत संपल्यावर, अपक्षांसह सर्वांची नावे आणि चिन्हे असलेली नमुना मतपत्रिका हाती देऊन, त्या एका मतदारसंघातील पुरेशा मतदारांना विचारलेले असेल, तरच तेथील आकड्याकडे गांभीर्याने पाहावे.