रीळ कापू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तू विकत घेतलेलं, अमेरिकेतल्या कुण्या कुटुंबाच्या घरगुती चित्रणाचं जुनं आठ मिलिमीटरचं पन्नास फुटी रीळ, त्यात जेमतेम वीस-पंचवीस सेकंद मंचावर गिटार घेऊन उभा असलेला, कंट्री म्हणजे तिथल्या ग्रामीण वळणाच्या संगीताचा कुणी गायक, आणि बाकी सगळं वाढदिवस, कुत्रा, नवी गाडी. ‘गायकाचा तुकडा कापून वेगळा ठेवू का,’ असं विचारलंयस. अजिबात नको.

रीळ मुकं आहे. घरगुती सुपर-८ (आठ मिलिमीटरचीच पुढची जात) फिल्मवर आवाजाची सोय आली ती १९७३ मध्ये. त्यामुळे तुझ्या रिळात कोण गातंय, कुठे आणि केव्हा, याची साक्ष तो कुत्रा आणि ती गाडीच देणार. अमेरिकेतल्या त्या काळच्या नंबरप्लेटवर राज्याचं नाव आणि बहुतेकदा सालही असायचं. भिंग लावून वाच. फिल्मच्या कडेला कोडॅकची वर्तुळ-चौकोन-त्रिकोणाची खूण सापडेल, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नकोस. एक तर तीच चिन्हं दर २० वर्षांनी परत यायची, म्हणजे १९३६ आणि १९५६ ची खूण सारखीच. दुसरं, ती फिल्म कारखान्यात तयार झाल्याचं साल सांगते, कॅमेऱ्यात घातल्याचं नव्हे. गाडीची प्लेट आणि ही खूण, दोन्हींचा मेळ बसला की साल बऱ्यापैकी पक्कं धर.

पुढची खरेदी करताना डब्यावरच्या चिठ्ठीला भुलू नकोस. ‘ग्रँड ओल ऑप्री’ (नॅशव्हिलचा कंट्री संगीताचा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम) एवढं लिहिलं की विकणारा भाव चढवतो. ऑप्रीचे कार्यक्रम १९४३ ते १९७४ नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात व्हायचे हे खरं, पण १९६१ पूर्वीचं घरगुती कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म, फारच मंद. उन्हातली फिल्म अवघी १० एएसएची; हा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड लागतो. सभागृहातल्या उजेडात तिच्यावर उमटणार काय? बहुधा काळोख आणि त्यात हलणारे दोन-चार ठिपके. माझं मत विचारशील तर पेनसिल्व्हेनियातलं सनसेट पार्क, मेरीलँडमधलं न्यू रिव्हर रँच अशा ठिकाणची रिळं शोध. रविवारी माणसं कुटुंबकबिल्यासह तिथे जात आणि नॅशव्हिलचे नावाजलेले गायक उघड्यावर ऐकत. मंचावर छप्पर असलं तर तिथेही चेहरे सावलीत जातात; खरी मजा असते ती कार्यक्रमानंतर, गाडीला टेकून सह्या देणाऱ्या गायकाच्या चित्रणात. भर उन्हातला नक्षीदार कोट, आणि अंधारात नीट ठेवलेलं कोडाक्रोम असेल तर लाल अजून लालच.

गिटारही नीट बघ. कंट्री गायक अर्नेस्ट टब गाणं संपलं की गिटार उलटी करायचा. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘थँक्स’ लिहिलेलं. चेहरा धूसर असला तरी तेवढ्यावर माणूस ओळखता येतो.

आणि हो, मुक्या चित्रणावर त्याच गायकाची तबकडी चिकटवून व्हिडिओ करायचा मोह होईल. ओठ वेगळंच गाणं म्हणत असतात. मला तो प्रकार आवडत नाही.

आता रिळाची तब्येत. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा ॲसिटेट, म्हणजे तिचा प्लास्टिकचा पाया, कुजू लागला आहे. असं रीळ बाकीच्यांपासून लगेच दूर ठेव. वास येण्याआधीच कळायला हवं असेल तर रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या ए-डी पट्ट्या मिळतात; कुजण्यातून सुटणाऱ्या आम्लाने त्यांचा रंग बदलतो. पट्टी बंद डब्यात घरातल्या तापमानाला निदान दिवसभर ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी-पिवळी झाली तर स्कॅनिंगची घाई कर. जुन्या प्रोजेक्टरवर मात्र चढवू नकोस. फिल्म आकसलेली असते, प्रोजेक्टरच्या दात्यांनी तिच्या कडेची भोकं फाटतात, आणि मध्येच अडकली तर दिव्याखालची चौकट जळते. दाते नसलेल्या स्कॅनरवर काम करणारा माणूस गाठ, आणि कुत्र्यासकट सगळं रीळ स्कॅन करायला सांग.

रीळ विकत घेतलं म्हणून ते जगाला दाखवायचा हक्क आपोआप मिळत नाही, हेही ध्यानात असू दे. विकणाऱ्याकडून मूळ कुटुंबाचा पत्ता लागला तर एक प्रत त्यांना आधी पाठव आणि गाडी कुणाची, तेव्हा राहायला कुठे होते, एवढं विचारून घे. उत्तर आलं की ते कागदावर लिहून डब्यातच ठेव. पट्टीचा रंग काय आला ते मला कळव.