लॅम्ब वाचायला घेतोयस तर आधी हे ऐक

अरे इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम्ब वाचायचाय ना, मग थेट १८२३ चं 'एसेज ऑफ इलिया' उघड, पण पहिल्या पानापासून रेटत बसू नकोस, 'ड्रीम चिल्ड्रन' आणि भाजलेल्या डुकरावरचा तो धमाल निबंध आधी वाच, भाषा जुनाट वाटेल पण दोन-तीन निबंधांत कान सरावतो. इलिया हे टोपणनाव बरं का, 'लंडन मॅगझिन'मधे १८२० पासून याच नावाने लिहायचा, आणि दिवसा ईस्ट इंडिया कंपनीत कारकुनी, तीही तब्बल ३३ वर्षं! रिटायर झाल्यावरचा 'द सुपरअॅन्युएटेड मॅन' म्हणूनच इतका खरा वाटतो.

१८०७ च्या 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर'मधल्या बहुतेक गोष्टी बहीण मेरीने लिहिल्यात, मुखपृष्ठावर नाव मात्र फक्त याचंच, मला तर ते अजूनही खटकतं.

अभ्यास म्हणून वाचणार असशील तर १८०८ चं 'स्पेसिमेन्स', म्हणजे जुन्या नाटकांतल्या उताऱ्यांचं त्याने केलेलं संकलन, सोडू नको, शेक्सपिअरच्या काळातले विसरलेले नाटककार लोक परत वाचायला लागले त्यात त्या पुस्तकाचा मोठा हात आहे. पत्रं पण वाच, त्याचा कवी मित्र कोलरिज, त्याला लिहिलेली तर आधी. आणि आपले फडके-काणेकरांचे लघुनिबंध शेजारी ठेव, तो गप्पांचा सूर इंग्रजी निबंधातूनच आलाय.