सगळं सोडून लांब दुसऱ्या भागात जाऊन नव्याने सुरुवात करावी का, की हे पळून जाणं झालं?

तुम्ही लिहिलंय की धंदा बसला, पाठोपाठ लग्नही मोडलं, घरचे म्हणतात जे काय आहे त्याला इथेच राहून तोंड दे, आणि तुम्हाला मात्र जिथे काळं कुत्रंही ओळखत नाही अशा ठिकाणी जावंसं वाटतंय. आणि जायचंच तर राहतं घर आधी विकावं का, असंही विचारलंय. घराचं नंतर बघू. पहिल्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं कित्येक वर्षं वाजतंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझा छापखाना होता. छोटाच, मैत्रिणीबरोबर भागीदारीत. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असली कामं. तो बंद पडला, कसा ते इथे सांगत बसत नाही, पण मशीन विकून मी सगळी देणी फेडली, कागदवाल्याचा एक पैसा ठेवला नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे जो आरोप झाला त्यात हे कोणी धरलंच नाही. तर छापखाना गेला ते दुःख होतंच, पण त्याहून वाईट होतं ते रोजचं. भाजी घ्यायला गेलं की कोणीतरी विचारणार, "मग, सध्या काय?" त्या 'सध्या'वर असा काही जोर की आपण आजारपणातून उठलोय असं वाटावं. लग्नकार्यात कोणाशी ओळख करून देताना मावशी म्हणायची, "ही आपली, हिचा छापखाना होता बघा तो." मी मागच्या गल्लीतून ये-जा करायला लागले. एखादं नवीन काम सुरू करावं म्हटलं तरी समोरचा आधी मान हलवायचा आणि मग ऐकायचा, म्हणजे ऐकायच्या आधीच त्याचं ठरलेलं असायचं. आता मला सांगा, अशा ठिकाणी राहून तोंड कशाला द्यायचं? देणी संपली होती, बंद मशीन विकलं होतं, तोंड द्यायला उरलं होतं काय तर लोकांच्या नजरा.

दुसऱ्या भागात एका प्रेसमध्ये प्रूफं तपासायचं काम मिळत होतं, पगार बेताचा. मी घरी सांगितलं. दादा पेपर वाचत होता, पेपर खाली न ठेवताच म्हणाला, "पळून चाललीस. जाशील तिथे तू तीच असणारेस, मग गाव बदलून काय फरक पडणार?" वहिनी आतून बघत होती, काही बोलली नाही. मलाही तेव्हा उत्तर सुचलं नाही. हे वाक्य ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं ना की समोरचा गप्पच होतो. पण ते अर्धवट आहे. माणूस म्हणजे काय नुसतं डोक्यात असतं तेवढंच का? आपण कसे वागतो यातलं निम्मं तरी समोरचे आपल्याला काय समजतात त्यावर ठरतं.

यावर एक अभ्यास मला फार नंतर सापडला. २००५ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कॅटरिना वादळ आलं, वस्त्याच्या वस्त्या राहण्यालायक उरल्या नाहीत. तुरुंगातून सुटणारे बरेच जण जुन्या वस्तीत परत जातात, पण त्यावेळी कित्येकांना जाताच आलं नाही. डेव्हिड कर्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने पुढे बघितलं तर जे जुन्या भागापासून लांब दुसरीकडे राहायला गेले, ते पुन्हा तुरुंगात जाण्याचं प्रमाण जुन्याच भागात परतलेल्यांपेक्षा कमी होतं. म्हणजे काय, की 'हे मुळातच सुधारायची इच्छा असलेले असतील म्हणून लांब गेले' असं सहज म्हणता येत नाही, कारण घरं वादळाने उडवली होती. हे मी दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तू काय तुरुंगातून सुटलीयेस का?" आता यावर काय बोलणार.

पण दादाचं एक बरोबर होतं असं म्हणायला जागा आहे, फक्त त्याने ते चुकीच्या माणसाला सांगितलं. तुम्ही जर हवा छान आहे, समुद्र आहे, डोंगर आहेत, निवांत वाटतं म्हणून जात असाल तर जाऊ नका. १९९८ मध्ये श्कॅडे आणि कानमन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि मध्य-पश्चिम भागातल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं होतं. दोन्हीकडच्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार. प्रत्यक्षात दोन्हीकडची मुलं आपल्या आयुष्याबद्दल सारखीच समाधानी होती. चांगल्या हवेची सवय होते, मग तीच भांडी, तोच पगार, तीच झोप. म्हणून जायच्या आधी तिथे फिरायला जाऊन ठरवू नका. सुट्टीत सगळंच छान दिसतं. जो सगळ्यात वाईट मोसम असेल तेव्हा जा, साध्या कामाच्या दिवशी बसमधून हिंडा, संध्याकाळी एकट्याने जेवा आणि बघा कसं वाटतं.

कारण एकटेपणा येतोच, त्यातून कोणी सुटत नाही. मला प्रेसमध्ये पहिल्याच दिवशी एक फॉर्म भरायला दिला, त्यात 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं' असा रकाना. दादाचा नंबर लिहून काय उपयोग, तो पोचेपर्यंत मी एक तर बरी झालेली असणार किंवा संपलेली. मी तो रकाना मोकळाच ठेवला, आणि ऑफिसातला मुलगा दर आठवड्याला तो कागद घेऊन यायचा, "मॅडम, एवढं राहिलंय." नंतर ताप आला तेव्हा गोळ्या आणायलाही मीच खाली उतरले. हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, सगळे नवी सुरुवात नवी सुरुवात करत असतात. जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाने हिशोब मांडलाय, त्यात नवीन जागी राहायला गेलेलेच लोक होते, की साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जवळची व्हायला २०० च्या वर. आणि ऑफिसात शेजारी बसलेले तास त्यात फारसे कामाला येत नाहीत. त्यामुळे घरी बसून कोणी भेटेल म्हणून वाट बघू नका. एकच जागा धरा आणि ठरलेल्या वेळी जात राहा, मग ती व्यायामशाळा असो, वाचनालय असो, भजनी मंडळ असो. मी वाचनालय धरलं. तिथे मासिकांच्या टेबलावर रोज एक बाई यायच्या, शब्दकोडं सोडवायच्या आणि अडलं की मोठ्याने विचारायच्या, पूर्ण हॉलला. प्रूफरीडरला शब्द विचारल्यावर गप्प कसं बसवणार! पुढे त्यांचाच नंबर त्या रकान्यात गेला.

आता गंमत ऐका. दादाचा मुलगा गेल्या वर्षी नोकरीसाठी असाच लांब गेला. तिथेही त्याचं ओळखीचं कोणी नाही. तर दादाने पेढे वाटले. मी म्हटलं, का रे, हा नाही का पळून गेला? तर म्हणे त्याचं करिअर आहे. म्हणजे जिंकून गेलं की प्रगती आणि हरून गेलं की पळ, आणि बाई हरून गेली तर विचारायलाच नको. तुमच्या घरचेही हेच करतायत. उद्या तुम्हाला तिकडून मोठ्या पगाराची ऑफर आली तर हीच मंडळी बॅग भरून देतील, बघा. त्यामुळे त्यांचं 'तोंड दे' फार मनावर घेऊ नका.

माझं स्पष्ट मत, जा. पण हातात काम घेऊन जा, कमी पगाराचं का असेना. 'तिथे गेल्यावर बघू' हे करू नका, निदान सहा महिने कमाईशिवाय निघतील एवढे पैसे बाजूला असतील तर गोष्ट वेगळी.

घर विकू नका. भाड्याने द्या. ज्या वर्षी घटस्फोट आणि धंदा दोन्ही झालं त्या वर्षी घर विकायचा निर्णय घेऊच नये, आणि नवीन जागीही लगेच घर घेऊ नये, भाड्याने राहा. परतावंसं वाटलं तर परतता आलं पाहिजे, त्यात लाज कसली. माझ्याबरोबर प्रेसला लागलेली एक मुलगी वर्षभरात परत गेली आणि मजेत आहे.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं. मुलं असतील आणि त्यांच्या ताब्याचं अजून ठरायचं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हलू नका. दारूबिरूचा प्रश्न असेल किंवा नैराश्याची औषधं चालू असतील तर तिथला डॉक्टर आधी ठरवा, मग तिकीट काढा, आणि औषधं मधेच स्वतःच्या मनाने बंद करू नका. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर वरचं सगळं गणित बदलतं, त्याचा मला अनुभव नाही, माझे दादाकडे होते. धंद्याची देणी बाकी असतील तर ज्याचे द्यायचेत त्याला नवीन पत्ता आणि फोन नंबर स्वतः कळवा, हप्ते ठरवून घ्या, शक्यतो लेखी.