बॉक्सिंग ट्रेनरचं आयुष्य नेमकं कसं असतं, त्यात पोट भरतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ २४ वर्षांचा आहे, दुखापतीमुळं खेळणं सुटलं आणि आता बॉक्सिंगचा ट्रेनर होतो म्हणतोय, तर यात पोट भरतं का आणि काम काय असतं. मी सोलापुरात १४ वर्षं पोरं शिकवतोय म्हणून लिहितो.

पैशाचं आधी. नुसत्या बॉक्सिंगवर सुरवातीची काही वर्षं घर चालत नाही. मी पहाटे पोरं घेतो, दुपारी एका शाळेत पीटी, संध्याकाळी जिममध्ये वजन कमी करायला येणाऱ्यांसाठी पॅड (ठोसे मारायची हातातली गादी) धरतो, भाडं त्यातनंच निघतं. सरकारी कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा करू दे, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स पण असतो पण डिप्लोमाचं वजन वेगळं.

शरीर झिजतं हे पण सांगून ठेवा त्याला. पॅड धरून माझी मनगटं आणि खांदे गेलेत, थंडीत सकाळी भरलेली बादली उचलत नाही. आणि मे महिन्यात इथं पारा ४० च्या वर असतो तेव्हाच एखादा पोरगा खालच्या वजनगटात बसायचं म्हणून पाणी प्यायचं सोडतो, त्याला धरून पाणी पाजायचं, वरच्या वजनगटात खेळवायचं आणि आठवडाभर त्याचा अबोला सोसायचा, हे पण आपलंच काम.

पण खरा ट्रेनर कॉर्नरला कळतो, म्हणजे लढत चालू असताना रिंगच्या कोपऱ्यात. तीन मिनिटांचे तीन राउंड, मधे एकेक मिनिट. त्यात स्टूल, पाणी, श्वास, आणि मग एकच गोष्ट सांगायची, दोन सांगितल्या की एकही डोक्यात राहत नाही.

माझ्याकडं एक पोरगा होता, वडील पूर्व भागात पॉवरलूमवर टॉवेल विणायचे, कारखान्यातला एक टॉवेल त्यांनीच मला दिलेला. एका बाउटला (लढतीला) तिसऱ्या राउंडमध्ये पोराचे पाय जड पडलेले मला दिसत होते, तोंडापुढचे हात खाली आलेले. ट्रेनरनं रिंगमध्ये टॉवेल टाकला की लढत थांबते, पण तो टॉवेल माझ्या खांद्यावर असून मी टाकला नाही, वाटलं पॉइंटवर पुढं आहे, मिनिटभरच राहिलंय. शेवटी रेफरीनं थांबवलं. रात्रभर उलट्या, दवाखाना. पोरगा बरा झाला पण वडील दवाखान्यात आले तेव्हा मला एक शब्द बोलले नाहीत, उलट मी जेवलो का विचारलं. ते अजून जात नाही डोक्यातनं.

एडी फच या अमेरिकन ट्रेनरबद्दल भावाला वाचायला सांगा. डेट्रॉइटमध्ये तरुणपणी पुढं वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या जो लुईसबरोबर सराव करायचा, हृदयात दोष निघाला आणि स्वतःचं खेळणं संपलं, मग ट्रेनर झाला. १९७५ ला मनिलात मुहम्मद अली आणि जो फ्रेझियरची लढत, फच फ्रेझियरच्या कॉर्नरला, १४ राउंड झालेले, एकच राहिला होता, फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आलेले. फ्रेझियर नको नको म्हणत असताना फचनं लढत थांबवली, वर्ल्ड टायटल समोर असताना. मी हे त्या बाउटच्या आधीच वाचलेलं होतं, तरी माझा हात उठला नाही.

तर डिप्लोमाचा फॉर्म भरायच्या आधी भावाला एखाद्या कोचच्या हाताखाली दोन-तीन स्पर्धा नुसतं कॉर्नरला उभं राहू द्या, बादली-स्टूल सांभाळायला. पोराला मार बसताना बघून त्याची नजर पॉइंटवर जाते का पोराच्या पायांवर, ते त्या कोचला विचारा.