मुलगी प्रयोगशाळा सोडायची म्हणते

प्रश्न : मुलगी परभणीत बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इम्युनॉलॉजीत (रोगप्रतिकारशास्त्रात) एम.एस्सी. करणार होती, आता पब्लिक हेल्थचं खूळ डोक्यात घेतलंय. एवढं शिकून दारोदार रक्ताचे नमुने गोळा करत फिरायचं का?
– एक वडील, सोनपेठ

उत्तर : खूळ म्हणू नका. करोनाकाळात आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या 70 जिल्ह्यांत लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडींचं (जंतूशी लढणाऱ्या प्रथिनांचं) सर्वेक्षण केलं. त्यात आपले बीड, परभणी आणि नांदेडही होते. मे-जून 2020 मध्ये देशातल्या प्रौढांत संसर्ग होऊन गेलेले जेमतेम 0.73 टक्के निघाले. जून-जुलै 2021 मध्ये सहा वर्षांवरच्या लोकांत अँटिबॉडी असलेले 67.6 टक्के. दारोदार फिरल्याशिवाय हे कळलं नसतं. आणि पहिल्या फेरीतलं तपासणीचं किट? ते पुण्याच्या एनआयव्हीतल्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या) प्रयोगशाळेत तयार झालेलं.

प्रयोगशाळेत पेशी जंतूला कशी ओळखते, शरीराला संरक्षण कसं देते ते शोधतात. तेच संरक्षण प्रत्यक्षात कोणाला, किती मिळतं ते लोकांतच कळतं. क्षयावरच्या बीसीजी लशीने गिनीपिगमध्ये संरक्षण दिलं होतं. पण तमिळनाडूत चेंगलपट्टूला 1968 मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून ते दिसलं नाही.

नमुना घेणं हे त्यातलं सोपं काम. कोणाचा घ्यायचा, हे ठरवण्यात खरी अक्कल लागते. सकाळी अकराला गावात जाऊन पारावर बसलेल्यांचंच रक्त घेतलं, तर रानात गेलेल्या बाया आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं सुटली, आकडा फसला! त्यामुळे मुलीला एवढंच विचारा : संख्याशास्त्र जमतं का? गणित दिसलं की ती पान उलटत असेल, तर प्रयोगशाळाच बरी. तिकडे मात्र पीएच.डी.वाचून फारसं भागत नाही. कमाई उशिरा सुरू होते, हे घरच्यांनी धरून चालावं.

माझं मत विचाराल तर आधी एम.एस्सी., मग एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोग लोकांत कसा पसरतो त्याचं शास्त्र. एलायझा (रक्तातल्या अँटिबॉडी शोधायची चाचणी) स्वतःच्या हाताने केलेल्या माणसाला सर्वेक्षणातल्या पॉझिटिव्हवर किती भरवसा ठेवायचा ते समजतं. लगेच एमपीएच (पब्लिक हेल्थमधली पदव्युत्तर पदवी) करायचंच असेल, तर पात्रता नीट वाचा; काही संस्था डॉक्टरांनाच घेतात. मुंबईच्या टिसचा (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा) अभ्यासक्रम पाहून ठेवा. एम.एस्सी.साठी जॅम (आयआयटी वगैरेंसाठीची) आणि गॅट-बी (जैवतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांसाठीची) या दोन्ही प्रवेशपरीक्षा द्यायला सांगा. जॅमचे अर्ज साधारण ऑक्टोबरात बंद होतात, तेव्हा ती तारीख आजच बघा.