कंटेनर दाराशी, जहाज मात्र गेलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या द्राक्षांचा ४० फुटी रीफर (शीत) कंटेनर जहाज सुटायच्या आदल्या संध्याकाळी न्हावा शेव्याला पोचला, तरी आत घेतला नाही. का? (निफाड)

उत्तर : जहाज कधी सुटतं ते बाजूला ठेवा, तुम्ही पाळायची वेळ म्हणजे 'गेट कट-ऑफ', कंटेनर बंदराच्या गेटातून आत घ्यायची शेवटची वेळ. ती बरीच आधी असते, कारण कुठला कंटेनर जहाजावर कुठे बसणार हे त्याचं वजन, उतरायचं बंदर आणि रीफरची वीजजोडणी पाहून आधीच ठरवावं लागतं. न्हावा शेव्यात कंटेनर टर्मिनलही पाच आहेत. जहाज लागायचं टर्मिनल बदललं आणि ड्रायव्हरला कळलं नाही, तर ट्रेलर भलत्याच गेटवर उभा राहतो. गाडी निफाडहून हलण्याआधी सीएचएकडून (कस्टमची कामं करणाऱ्या एजंटकडून) टर्मिनल आणि कट-ऑफ दोन्ही लेखी घ्या.

वेळेत पोचूनही गाडी अडते ती बहुधा कागदांवर. कंटेनरचा नंबर चार अक्षरं आणि सात अंकांचा असतो. फॉर्म १३ (गेटातून आत जायचा कागद), शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) आणि कंटेनरचं प्रत्यक्ष दार यांत एका अंकाचा किंवा सील नंबरचा फरक पडला की गाडी बाजूला काढतात. दुसरी चूक व्हीजीएमची, म्हणजे भरलेल्या कंटेनरच्या पडताळलेल्या वजनाची. १ जुलै २०१६ पासून हे वजन दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. अनेकजण इन्व्हॉइसवरचं मालाचं वजनच लिहून देतात. त्यात पॅलेट आणि रिकाम्या कंटेनरचं वजन धरायलाच हवं. ४० फुटी रीफरचंच ते साडेचार टनांच्या आसपास असतं आणि दारावर 'टेअर' म्हणून छापलेलं असतं. वजनकाट्यावर अख्खी गाडी तोलली असेल, तर ट्रॅक्टर-ट्रेलरचं वजन वजा करा.

द्राक्षांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. रीफर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. घड प्री-कूलिंगमध्येच शून्य अंशाच्या आसपास आणा. आतली लाल रेषा ओलांडून पेट्या रचू नका, वरची हवा कोंडते. आणि ट्रेलरला डिझेल भरलेला जनसेट (रीफरला वीज देणारा जनरेटर) हवाच. गेटबाहेरच्या रांगेत रीफर बंद पडला, तर माल जहाजावर चढण्याआधीच मऊ पडायला लागतो.

प्रश्न : गुजरातचं मुंद्रा बंदर एवढं मोठं, मग ते 'प्रमुख बंदरां'त का नाही? (सांगली)

उत्तर : 'प्रमुख' हा कायद्यातला शब्द आहे, आकाराशी त्याचा संबंध नाही. कांडला, मुंबई, न्हावा शेवा, मुरगाव यांच्यासह केंद्राच्या अखत्यारीतली १२ चालू बंदरं त्यात येतात. मुंद्रा खासगी, गुजरात मेरीटाइम बोर्डाखालचं. म्हणून प्रमुख बंदरांच्या मालवाहतुकीचा आकडा म्हणजे देशाची सगळी मालवाहतूक असं समजू नका.

प्रश्न : न्हावा शेवा असताना डहाणूजवळ वाढवणचं नवं बंदर कशाला? (पालघर)

उत्तर : खोलीसाठी. आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजं पूर्ण भरल्यावर १६ मीटरच्या आसपास पाण्यात बुडतात. न्हावा शेव्याची वाट गाळ उपसून तेवढी खोल ठेवणं कठीण. वाढवणला किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर पाणी आहे. म्हणूनच जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली. अशी जहाजं इथे लागली, तर कोलंबोसारख्या बंदरात कंटेनर उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवण्याचे दिवस आणि पैसे वाचतील. पण भराव आणि लाटरोधक बांध जिथे येणार, तिथेच डहाणूच्या मच्छीमारांची जाळी पडतात. त्यांचा विरोध जुना आहे आणि तो पोटाचा आहे. त्यांच्या भरपाईचा हिशेब प्रकल्पाच्या खर्चातच धरायला हवा.